खिल्लारे बाई आणि तेहतीसचं यंत्र

आमच्या स्टाफरूममधला पंखा एका उन्हाळ्यात खिल्लारे बाईंनी खाली उतरवला, त्याच्या पोटातला कंडेन्सर बदलला आणि परत चढवला. त्या दिवसापासून पंखा पाचवर ठेवला की टेबलावरचे तपासायचे पेपर खिडकीतून सरळ मैदानावर जायचे. मुख्याध्यापकांनी विचारलं, बाई, हा पंखा पूर्वी एवढा फिरत नव्हता. बाई म्हणाल्या, "त्याच्यात होतं, सर. कंपनी फिरू देत नव्हती. कंपनी भित्री असते."

जिंतूरच्या शाळेत बाई विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. बाई उंचीला पाच फुटांच्या आतच. बाकीच्या बायकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो तिथं बाईंच्या कमरेला टेस्टर खोचलेला असायचा. त्यांचा एक सिद्धांत होता आणि त्याबद्दल त्यांना तसूभरही शंका नव्हती. कुठल्याही वस्तूवर कंपनी जो आकडा छापते, तो त्या वस्तूच्या ताकदीचा नसतो, कंपनीच्या भीतीचा असतो. तेवढी भीती काढून टाकली की खरी वस्तू हाती लागते.

ही भीती त्या जिथं तिथं काढत सुटायच्या. घरासमोरच्या शिंप्याच्या मशीनला त्यांनी स्वतःच्या हातानं मोटार बसवून दिली. पहिल्याच दिवशी त्या मशीननं एका पायजम्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. शिंपी पायजमा घेऊन आला तेव्हा बाईंनी शिलाई निरखून बघितली आणि टाका किती एकसारखा पडलाय ते त्याला दाखवलं. माणसांनाही त्यांनी सोडलं नाही. मुख्याध्यापकांचं पंचवीस मिनिटांचं भाषण अकरा मिनिटांत होऊ शकतं, हे त्यांनी घड्याळ लावून काढलं होतं आणि सरांना तसं सांगितलंही होतं. मी एक कविता तीन तास शिकवतो याचं तर त्यांना कोडंच पडायचं. मी म्हणालो, कविता पळवायची नसते बाई. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "का? दमते का?"

बाईंना पळवता आली नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांच्या सासूबाई. नाव सारजाबाई, माहेर बोरीचं, वय सत्तरीच्या पुढं. बाई त्यांना आत्याबाई म्हणायच्या, म्हणून आम्ही सगळेच तसं म्हणायचो. बाईंचे यजमान सुदामराव नऊ वर्षांपूर्वी काविळीनं गेले. मूलबाळ नव्हतं. बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत या दोघी राहायच्या आणि दिवसभर एकमेकींशी हुज्जत घालायच्या. आत्याबाई पायलीभर तांदूळ निवडायला दोन तास घ्यायच्या. बाई म्हणायच्या, मी पाच मिनिटांत निवडते. आत्याबाई म्हणायच्या, "तुझ्या पाच मिनटाचे खडे मी हप्ताभर चावायले."

आता ज्या यंत्राची गोष्ट सांगायची ते या घरात आलं ते, ज्या वर्षी विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला, त्या वर्षी. जानेवारीत बाईंच्या गल्लीत पेढे वाटले गेले, आत्याबाईंनी दारात रांगोळी काढली. तीन-चार आठवड्यांतच बाईंनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की मी घरी कॉम्प्युटर बसवतेय. तालुक्यात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे फोटोत बघायची वस्तू. कशाला, असं आम्ही विचारलं. बाई म्हणाल्या, काम आहे. काय काम, ते काही सांगेनात.

औरंगाबादच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आपलं वापरलेलं यंत्र पाठवलं, पण ते वाटेतच कुठंतरी आपटलं. पडदा आणि बाकीचे अवयव शाबूत, पण ज्या पाटीवर सगळं जोडलेलं असतं ती मुख्य पाटी, मदरबोर्ड, तडकलेली. दुसरी कुणी रडली असती. बाई परभणीहून रेल्वेनं हैदराबादला गेल्या आणि कोरा मदरबोर्ड आणि त्यावर बसणारा प्रोसेसर घेऊन आल्या. येताना रात्रभर तो खोका मांडीवर धरून बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या मियांनी विचारलं, बाई, इसमें क्या है. बाईंनी खोका उघडून दाखवला. हिरवी पाटी, त्यावर बारीक बारीक घरं, रस्ते. मियां बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बस्ती तो अच्छी है. ही गोष्ट बाईंनी मला चारदा सांगितली.

प्रोसेसर होता तेहतीसचा. म्हणजे तो एका सेकंदात किती दशलक्ष पावलं टाकतो त्याचा आकडा तेहतीस, आणि तो त्याच्या पाठीवर छापलेला. इथंच घोटाळा झाला. बाईंच्या समोर कुणी आकडा छापून ठेवायला नको होता. नव्या पाटीवर करंगळीच्या नखाएवढी एक टोपी होती, तिला जंपर म्हणतात. ती उचलून शेजारच्या खिळ्यांवर बसवली की वेग बदलायचा. खिळ्यांशेजारी चार आकडे लिहिलेले होते, पंचवीस, तेहतीस, चाळीस आणि पन्नास. बाईंनी पहिल्याच दिवशी भुवया उपटायच्या चिमट्यानं टोपी उचलली आणि चाळीसवर ठेवली.

यंत्र सुरू झालं. दहा मिनिटं चाललं आणि जागच्या जागी थिजलं. बटणं दाबली तरी हलेना. बंद करून परत लावलं, सात मिनिटं चाललं आणि थिजलं. तेहतीसवर ठेवलं तर दिवसभर सुरळीत. दुसरा कुणी असता तर तेहतीसवर समाधान मानून जेवायला बसला असता. बाईंनी शंभर पानी वही काढली.

मी दोन गल्ल्या पलीकडं राहायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला उद्योग नव्हता आणि बाईंच्या घरचा चहा चांगला असायचा, म्हणून मी रोज सकाळी तिकडं. बाईंचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कुणाला द्यायचा आणि दोष कुणाला, हे कळत नाही. मी म्हणालो, हा नियम शाळेच्या वेळापत्रकाला लावला तर किती बरं होईल. बाईंनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही.

त्यांचा पहिला संशय उष्णतेवर. जिंतूरचा एप्रिल, वर पत्रे, त्यात हा वेगानं धावणारा प्रोसेसर. बाईंनी यंत्राचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. सात मिनिटांची वीस झाली. मग रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून एका जुन्या अॅम्प्लिफायरचा अॅल्युमिनियमचा जाड तुकडा आणला, करवतीनं कापला, घासून सपाट केला आणि त्याच्याकडचाच पांढरा लेप मध्ये लावून प्रोसेसरच्या डोक्यावर बसवला. वीसची पन्नास मिनिटं झाली. मी अभिनंदन केलं. बाई म्हणाल्या, पन्नास मिनिटं म्हणजे नापासच. पस्तीसऐवजी चौतीस मिळवणाऱ्याला तुम्ही पास करता का?

मग त्यांनी विजेवर संशय घेतला. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की आमच्याकडचा दिवा काजव्यासारखा व्हायचा. बाईंनी स्टॅबिलायझर लावला, दर तासाला व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं. फरक पडला नाही. वीज निर्दोष सुटली. आमच्या भागात विजेला निर्दोष ठरवणारी व्यक्ती मी तेव्हा पहिल्यांदाच बघितली.

चाचणीसाठी पडद्यावर सतत काहीतरी चालू ठेवावं लागायचं. बाईंनी त्यासाठी मराठी अक्षरांचा एक प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर चौकोन भरून भरून काढलेलं, तेच पडद्यावर यायचं. वीतभर उंच, पांढरंशुभ्र अक्षर, काळ्या पडद्यावर उजवीकडून डावीकडं सरकत जायचं. तेहतीसवर ती अक्षरं धक्के खात जायची, चाळीसवर पाण्यावरून गेल्यासारखी. ळ आणि क्ष यांची वळणं बाईंनी माझ्याकडून तपासून घेतली. मराठीचा मास्तर रोज येतो म्हणून हा मान असावा, असं मला वाटलं. मी घरी बायकोलाही तसं सांगितलं.

पंधरा दिवस झाले. एक दिवस मी गेलो तर बाईंनी दारातच थांबवलं. म्हणाल्या, सर, रागावू नका, पण तुम्ही आठ दिवस येऊ नका. वही माझ्यासमोर धरली. शेवटच्या अकरा वेळांपैकी नऊ वेळा यंत्र मी घरात असताना थिजलं होतं. माझ्या नावापुढं तशी नोंदच होती, वेळेसकट.

मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांची ओळख, आणि माणसाला व्होल्टेजच्या रकान्यात टाकतात. मी परत निघालो तेवढ्यात ओसरीवरून आत्याबाई बोलल्या. त्यांची नजर अलीकडं अधू झाली होती, पण कान शाबूत होते.

"विमल, त्याला घालवू नको. तो टेबलावर रेलला की कुर्रर्र वाजतंय. मंग तुझं ते बंद पडतंय."

बाईंनी वही मिटली. मग मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि यंत्र चालू केलं. "टेका," म्हणाल्या. मी रोजच्यासारखा कोपर टेबलावर टेकला. अक्षर थिजलं. "उठा." परत चालू केलं. "टेका." परत थिजलं. सहा वेळा मला उठवलं आणि बसवलं. सातव्यांदा बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी पूर्वी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं.

दोष असा होता. मदरबोर्ड यंत्राच्या डब्यात बसवताना त्याच्या खाली टेकू म्हणून छोट्या पितळी पायऱ्या लावतात. खोक्यात एक पायरी कमी आली होती. स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या जिथं खोचलेल्या असतात तो कोपरा अधांतरी होता. टेबल हललं की डबा हलायचा, तो कोपरा वाकायचा आणि पट्टी एका केसाएवढी सुटायची. तेहतीसवर तेवढं चालून जायचं, चाळीसवर जायचं नाही. म्हणजे प्रोसेसर बिचारा पहिल्यापासून चाळीसचाच होता. थोडं गरम व्हायचं हा त्याचा गुन्हा, बाकी सगळं माझ्या कोपरानं केलं.

जिंतुरात पितळी पायरी मिळायची नाही. बाईंनी रबराचा तुकडा कापून त्या कोपऱ्याखाली घट्ट बसवला. संध्याकाळी आत्याबाई पायात चप्पल घालायला गेल्या तर एका चपलेची टाच गायब.

"माझीच घावली का गं?"

"तुमची मऊ हाय, आत्याबाई."

त्यानंतर यंत्र चाळीसवर तीन दिवस आणि तीन रात्री न थांबता चाललं. मी मुद्दाम दोन्ही कोपरं टेकून बसलो. काही झालं नाही. बाईंनी पन्नासवरही ठेवून बघितलं, पण तिथं ते सुरूच झालं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या की कंपनी भित्री असली तरी अगदीच खोटारडी नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी मला दुपारी बोलावलं. पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्ची मांडली होती आणि खुर्चीत मी नव्हतो, आत्याबाई होत्या. डोक्यावरून पदर घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून, परीक्षेला बसल्यासारख्या.

बाईंनी तेव्हा मला काय ते सांगितलं. आत्याबाईंना काचबिंदू होता. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर येणार नाही, आणि राहिलीय तीही थोड्या महिन्यांची. सुदामराव विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात गेले होते. तिथून त्यांनी आईला सोळा पत्रं लिहिली. आत्याबाई त्याआधी नुकत्याच लेकाकडून अक्षरं शिकल्या होत्या, म्हणून त्यानं बोराएवढी अक्षरं काढून लिहिलं होतं. जानेवारीत नाव झालं त्या दिवशी आत्याबाईंनी पत्रांची पिशवी काढली आणि बोराएवढी अक्षरंही त्यांना दिसेनात. बाई म्हणाल्या, मी वाचून दाखवते. आत्याबाईंनी पिशवी ओढून घेतली. "माझ्या लेकाचं हाय. मला त्यानं वाचाया शिकवलंय ते कशाला मंग?"

बाईंनी फळ्यावर खडूनं मोठं लिहून बघितलं, पांढऱ्या कागदावर कोळशानं लिहून बघितलं. दिसलं नाही. मग एके दिवशी शेजारच्या टीव्हीवर बातम्यांच्या आधी आलेलं मोठं अक्षर आत्याबाईंनी आपण होऊन वाचलं. ज्या अक्षरात स्वतःचा उजेड आहे ते त्यांना दिसत होतं. पण एवढं मोठं अक्षर म्हणजे पडद्यावर एका वेळी तीनच मावणार. बाकीची सरकत यायला हवीत. ती धक्के खात आली की आत्याबाईंचा शब्द हातातून निसटायचा. त्यासाठी तेहतीसचे चाळीस हवे होते, आणि तेही लवकर.

बाईंनी कळ दाबली. अक्षरं निघाली. आत्याबाई पुढं वाकल्या.

"आ... ई," त्यांनी वाचलं. "आई. मी... खु... शाल... आहे."

त्या दुपारी त्यांनी अर्धं पत्र वाचलं. एके ठिकाणी थांबून म्हणाल्या की हा ळ उलटा हाय. तो ळ मी तपासलेला होता. बाईंनी आलेखाचा कागद काढून बघितला. आत्याबाईंचं बरोबर होतं.

मग रोज दुपारी तीन वाजता वाचन. मी कधी असायचो, कधी नसायचो. बाई कळीवर बोट ठेवून बसायच्या. एक शब्द वाचून झाला की पुढचा सोडायच्या. एका शब्दाला कधी कधी दोन मिनिटं लागायची. मुख्याध्यापकांना घड्याळ लावणाऱ्या बाई इथं घड्याळ उशाखाली ठेवून यायच्या.

शाळा उघडायला आठवडा राहिला होता तेव्हाची गोष्ट. मी गेलो तर वाचन चालू होतं. आभाळ आलं होतं, खोलीत अंधारून आलेलं. आत्याबाई आता पूर्वीसारख्या अडखळत नव्हत्या.

"इथं भाकर जाड असते पण पोट भरतं. शेरडी विकू नको. विमल सकाळी घाईत असते, तिला न जेवता जाऊ देऊ नको."

आणि वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. त्या आता थांबतील म्हणून मी वाट बघत होतो. आत्याबाईंचं तोंड तसंच पडद्याकडं होतं.

"नाव होईल," त्यांनी वाचलं. "आज नाही झालं तर उद्या होईल. तू वाट बघत बस."

मी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडं न बघता डाव्या हातानं मला थांबवलं. उजव्या हाताचं बोट कळीवरच होतं. आत्याबाईंचा शब्द संपला की त्या कळ दाबायच्या. टक्. पुढचा शब्द. टक्. त्या मेलेल्या यंत्रावर बाईंनी अशी दहा-बारा वाक्यं पुढं सरकवली. मग आत्याबाई म्हणाल्या, घसा सुकला गं, थोडं पाणी दे.

बाई पाण्याला बाहेर रांजणाकडं आल्या, मी मागोमाग. मी काही विचारायच्या आत त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, सर. दहा दिवस झाले."

कसं कळलं, मी विचारलं.

"मी एक ओळ बदलून ठेवली होती. शेरडी विकून टाक, असं. त्यांनी वाचलं, विकू नको." बाईंनी तांब्या रांजणात बुडवला. "पहिले दोन-तीन आठवडे खरंच दिसत होतं. सोळाही पत्रं वाचून झाली. नंतर गेलं. त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना विचारलं नाही."

विज्ञानाच्या बाई. चूक दिसली की भर सभेत हात वर करणाऱ्या. एवढ्यात आत पंखा फिरायला लागला.

बाई घाईनं आत गेल्या. तांब्या आत्याबाईंच्या हातात दिला आणि त्या पाणी पितायत तोवर यंत्र सुरू केलं. पत्र पहिल्यापासून आलं. बाईंनी भराभरा कळा दाबल्या, भाकर गेली, शेरडी गेली, न जेवता जाणारी विमल गेली, पांढरी अक्षरं पडद्यावरून पळत सुटली आणि आत्याबाई जिथं थांबल्या होत्या बरोबर त्या शब्दावर येऊन उभी राहिली.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पडद्याकडं मान वळवली.

"आता साफ दिसायलंय," त्या म्हणाल्या.

"दिसणारच," बाई म्हणाल्या आणि कळीवर बोट ठेवून बसल्या.